शनिवारची पाळी

भवानीनगरला एप्रिल आला की दोन गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. कारखान्याचा भोंगा थांबल्यावर पडणारी शांतता, आणि गाळप संपलं तरी हवेत रेंगाळणारा मळीचा वास. इथल्या माणसाला तो वास येत नाही. सुटीला आलेल्या मला पहिले दोन दिवस येतो, मग मीही इथला होतो. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. त्या मोडून टोळ्या बीडकडे परत गेल्यात. तीन-तीन दगडांच्या काळ्या चुली तेवढ्या उरल्यात, आणि एका चुलीशेजारी लहान मुलाची एक चप्पल. एकच.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं सिस्टरच्या ओट्यावर बसलो होतो. सिस्टरना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी झाली. माझ्यासकट गावातल्या दोन पिढ्यांच्या दंडावर त्यांनी सुई टोचलेली आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं, घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. समोरच्या खुर्चीत नाना. कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तीन एकर ऊस आहे. वडील माळकरी होते, नानाही होते. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीवरून भवानीनगरला येते आणि पुढं सणसरला मुक्कामाला जाते, म्हणजे अगदी दारावरून. नाना अजूनही त्या दिवशी रस्त्यावर पिंप भरून ठेवतात, वारकऱ्यांना पाणी देतात. गळ्यात माळ मात्र नाही. सोळा महिन्यांपूर्वी त्यांनी ती उतरवली. सव्वीस वर्षांचा मुलगा रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेला कुणाची तरी उसाची ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकंही नाही.

हे सगळं तिघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं. बोलणं सुरू झालं ते खोडव्यावरून.

आदल्या दिवशी उत्तम शुक्रवार. सिस्टर बारामतीला चर्चमध्ये जाऊन आल्या होत्या. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, तशी ती उपासना. शेवटच्या वक्त्यानं उसाचा दृष्टान्त दिला म्हणे. ऊस बुडख्यापासून तोडला तरी खोडवा फुटतो, तसं मरणातून जीवन.

नाना हसले. सोळा महिन्यांत मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं.

"सिस्टर, तुमच्या त्या पाहुण्याला शेती नसणार. खोडवा फुकट फुटत नसतो. पाचट आवरावी लागते, बुडखे छाटावे लागतात, खत टाकावं लागतं, पाणी द्यावं लागतं. एवढं करून पहिल्या उसाएवढं वजन येत नाही. आणि दोन-तीन खोडवे झाले की नांगर घालून सगळं मोडावंच लागतं. असलं पुनरुत्थान काय कामाचं?"

"मलाही नाही पटला," सिस्टर म्हणाल्या. "मेलेला माणूस परत येणं आणि ऊस फुटणं या सारख्या गोष्टी नाहीत. सारख्या असत्या तर पुनरुत्थानावर विश्वास ठेवायला लागलाच नसता. शेतात जाऊन बघितलं असतं."

मला वाटलं, बोलणं इथंच मिटेल. पण नानांना खाज सुटली होती.

"काल शुक्रवार, उद्या रविवार. मग आज काय असतं तुमच्यात?"

"आज काही नसतं."

"काही नसतं म्हणजे?"

"म्हणजे काहीच नसतं. शुक्रवारी तो मेला, रविवारच्या पहाटे थडगं रिकामं सापडलं. मधल्या दिवसाबद्दल बायबलमध्ये ओळ-दोन ओळी आहेत. थडग्यावर पहारा बसवला, आणि बाया शब्बाथ पाळून घरी राहिल्या. एवढंच."

"पहाटे काय होणार ते त्या बायांना माहीत होतं?"

"छे. त्या मड्याला लावायची सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवून बसल्या होत्या. म्हणजे मेला, हे त्यांनी धरलंच होतं."

"हां. म्हणजे आज माझा सण म्हणायचा," नाना म्हणाले.

*

नानांचा मुद्दा काय होता ते त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं, कारण मी पुस्तकी भाषेत सांगायला गेलो तर तो निवळेल. ते म्हणाले, आशा म्हणजे मुकादमाची उचल. पावसाळ्यात घरी खायला नसतं तेव्हा मुकादम येतो, हातावर रोख रक्कम ठेवतो. माणूस खूश. मग सगळा हंगाम, कधी कधी पुढचाही हंगाम, ती फेडण्यात जातो. अडचणीतल्या माणसाला देव दाखवणारे सगळेच असे मुकादम. तुमचे आणि आमचेही.

"माझ्याकडं दोन्ही येऊन गेले," ते म्हणाले. "दहाव्याला एक महाराज म्हणाले, पूर्वकर्म. महिन्यानं एक तुमच्यातला आला, पांढरा शर्ट घालून. म्हणाला, प्रभूकडं या, दुःख जाईल. मी म्हटलं, दुःख कशाला घालवताय? पोरगं गेलं, आता दुःख तेवढंच राहिलंय त्याचं."

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातात गवारीच्या शेंगा होत्या, त्या मोडणं चालू राहिलं.

"उचलीला आमच्यात उलटा शब्द आहे, नाना. कृपा. उचल फेडावी लागते. कृपा फेडताच येत नाही, म्हणून तिचा हिशेबच नसतो."

"मुकादमही आधी असंच म्हणतो. घे रे, आपल्यात कसला हिशेब."

या वाक्याला सिस्टरही हसल्या. आणि मला वाटतं, इथून पुढं दोघं खरं बोलायला लागले.

*

केडगाव भवानीनगरपासून लांब नाही. बारामती, पाटस, मग वरवंड-चौफुल्याच्या बाजूला. तुकोबांची पालखीही यवतहून वरवंडला जाताना केडगाव चौफुल्यावरूनच जाते. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, हे या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण ठाऊक असतं म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून पाटी वाचलेली असते. सिस्टरची पणजी मुक्तीतली. १९०० च्या दुष्काळात आणलेली. कुठून आणली ते तिला सांगता येत नव्हतं, आपलं आधीचं नावही सांगता येत नव्हतं. सिस्टरनी आजीकडून ऐकलेली एकच गोष्ट : ऐंशीच्या पुढं वय गेलं तरी पणजी जेवताना डावा हात ताटाच्या कडेभोवती धरायची. कुणी ओढून नेऊ नये म्हणून.

"बघा," नाना म्हणाले. "आता मी बोललो तर राग मानू नका. पोरगी भुकेली. तिला भाकरी दिली आणि वर धर्म दिला. भुकेल्यानं काय निवडायचं? याला तुम्ही आशा म्हणणार?"

या आरोपाला सव्वाशे वर्षांहून जास्त काळाचा इतिहास आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. पंडिता रमाबाई विशीत असताना कलकत्त्यानं त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून डोक्यावर घेतलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याकडच्या बहुतेकांनी त्यांना डोक्यावरून उतरवलं. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. 'केसरी'नं धारेवर धरलं, आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार मंडळातले हितचिंतकही बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. मला या वादात दोन्ही बाजूंचं काही काही पटतं. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं सांगून मदत घेतलेली, आणि दार उघडं ठेवून प्रार्थना करणारी बाई स्वतः तटस्थ नव्हती. पण त्या मुलींना केशवपनाच्या खोलीत परत नेणाऱ्यांना त्यांच्या निवडीच्या स्वातंत्र्याची किती काळजी होती, हेही विचारावंसं वाटतं.

सिस्टरनी असा इतिहास उगाळला नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता त्यात खोटं काही नाही. पणजीला कुणी विचारलं नसणार. पण तिला मरायचंय का, हेही तिच्या गावात कुणी विचारलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला पडली होती ती."

"म्हणून विकत घ्यायची?"

"विकत घेऊन फायदा काय झाला ते तरी बघा. आमच्या लोकांना ना धड सवलत, ना धड मान. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना, नंतर १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना नाही. जात मात्र वेशीबाहेर सोडून येता आली नाही. चर्चमध्येसुद्धा लग्न जुळवताना विचारतातच. माझ्या चुलतभावाच्या दाखल्यावर एक धर्म आहे आणि रविवारी दुसरा. उचल घेतली म्हणता, तर ही फेड चालूच आहे की."

नानांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे; हिशेब बरोबर मांडला म्हणून.

"पण तुम्हाला जायचंच कशाला होतं?" ते म्हणाले. "तुकोबा होते ना. त्यांच्याही घरात दुष्काळानं पहिली बायको नेली, पोरगा नेला. धंदा बुडाला. त्यांनी काय केलं? लोकांकडून यायच्या पैशांचे कागद इंद्रायणीत टाकले. असा माणूस घरात असताना बाहेर बघायचं?"

"टिळक तेच म्हणायचे. नारायण वामन टिळक. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो म्हणायचे. आणि येताना त्यांनी तो पूल मोडला नाही, नाना. आम्ही अजून अभंग म्हणतो, पेटीवर, टाळांवर. टिळकांनी कीर्तनं केली ख्रिस्ताची. तुम्ही कधी आलाच नाहीत, नाहीतर तुम्हाला चाली ओळखीच्या वाटल्या असत्या."

"चाल ओळखीची असली म्हणून घर आपलं होत नाही."

"नाही होत," सिस्टर म्हणाल्या. "टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचंही पाच वर्षं झालं नव्हतं. १८९५ ला नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला, १९०० ला त्यांनी. मधली पाच वर्षं त्या बाईनं काय काढली, ते 'स्मृतिचित्रे'त वाचा. हसवत हसवत रडवते."

*

कालव्याच्या बाजूनं वारं सुटलं. वारं होतं, पाणी नव्हतं. उन्हाळी आवर्तन पंधरा दिवस लांबलं होतं आणि नानांच्या उसाची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहत होती. बोलताना त्यांचा हात सारखा खिशातल्या फोनकडं जात होता. पाटकऱ्याचा फोन यायचा होता.

"मला आशा दाखवायची असेल तर हा कालवा दाखवा," नाना म्हणाले. "नीरा डावा. शहात्तर-अठ्ठ्याहत्तरचा दुष्काळ पडला, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा साहेबानं खणला. १८८५ च्या सुमाराला पाणी आलं. कुणी प्रार्थना करून आणलं नाही. आज इथं साखर कारखाना आहे, माझी पेन्शन आहे, तुमचं हे आरोग्य केंद्र आहे, ते त्या पाण्यावर. देवानं दिलं असतं तर दुष्काळाआधी दिलं असतं."

यावर उत्तर द्यायला सिस्टरना फार विचार करावा लागला नाही, कारण उत्तर त्यांच्या पणजीच्या अंगणातलं होतं. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडं गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर, शेतीसाठी घेतलेल्या जमिनीत तंबू ठोकले. १९०० पर्यंत तिथं १,५०० च्या आसपास बायका-मुली होत्या. एवढ्या तोंडांना पाणी कुठलं? केडगावच्या त्या माळावर कालवा नव्हता. विहिरी खणल्या.

"विहिरींची एक गोष्ट मुक्तीत सांगतात," सिस्टर म्हणाल्या. "दुष्काळात रोज संध्याकाळी विहीर तळाला जायची आणि रोज सकाळी त्या दिवसापुरतं पाणी असायचं."

"प्रार्थनेनं आलं की झऱ्यानं?"

"झऱ्यानंच आलं असणार. पण झरा आहे हे कळायला आधी खणावं लागलं, आणि खणायला कुणीतरी ठरवावं लागलं की या १,५०० जणी जगणार आहेत. मी एवढ्यालाच प्रार्थना म्हणते."

हे वाक्य मला जरा घोटीव वाटलं, तसं मी म्हणालोही. सिस्टर लाजल्या. म्हणाल्या, "हो, ते मी एकदा महिला मंडळात बोलले होते." पण मग त्यांनी जे सांगितलं ते घोटीव नव्हतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचे. दुष्काळ पडला तेव्हा घरात होतं नव्हतं ते दानधर्मात, अनुष्ठानात घातलं. देव प्रसन्न होईल म्हणून. देव प्रसन्न झाला नाही. बाप गेला, आई गेली, बहीण गेली, ओळीनं. भाऊ नंतर कॉलऱ्यानं गेला, नवराही कॉलऱ्यानं, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच. "तेव्हा 'अमुक करा म्हणजे दुःख जाईल' हे वचन तिनं पहिल्यांदा ख्रिस्ती माणसाकडून ऐकलं नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "तिला ते लहानपणीच पाठ होतं. आणि खोटं ठरलेलं तिनं पाहिलं होतं. मग इंग्लंडात तिनं वेगळंच पाहिलं. लंडनमध्ये वाट चुकलेल्या बायकांना सांभाळणाऱ्या जोगिणी. तिनं विचारलं, असल्या बायकांना तुम्ही कशा हात लावता? तर त्यांनी शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवली, विहिरीवरची. तिथं ती वळली. आणि वळली म्हणून त्यांच्या पूर्ण ताब्यातही गेली नाही. त्यांच्याशी पत्रांतून भांडत राहिली, मांसाला शिवली नाही."

"म्हणजे दुःख जाईल म्हणून नाही गेली."

"नाही."

"मग तो पांढऱ्या शर्टवाला?"

"तो चुकला, नाना." सिस्टरनी शेंगांची परात बाजूला ठेवली. "त्याच्या वतीनं मी माफी मागते. पण तुम्ही म्हणता तसला मुकादम मीपण झाले असते. दोन हजार एकवीसपर्यंत मी असंच सांगत फिरायचे. पेशंटला गोळी द्यायची आणि वर एक वचन द्यायचं."

*

२०२१ चा एप्रिल. सिस्टरच्या यजमानांना कोविड झाला आणि अकराव्या दिवशी ते गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर लांबून दाखवलं. पेटी नाही, गाणं नाही, मातीला फक्त चार माणसं, तीही किट घातलेली. चार पिढ्यांत पहिल्यांदा त्यांच्या घरातलं माणूस भजनाशिवाय पुरलं गेलं. सिस्टर स्वतः पॉझिटिव्ह, घरात एकट्या. त्या दिवसांत रोज संध्याकाळी फाटकाच्या कडीला कुणीतरी डबा अडकवून जायचं. ते नाना होते. हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. नाना लगेच म्हणाले, "डबा हिनं केलेला, मी फक्त आणायचो," आणि विषय संपवला.

"मला चाळीस दिवस प्रार्थना करता आली नाही," सिस्टर म्हणाल्या. "तोंडातून शब्द निघेना. मग स्तोत्रसंहिता उघडली. आम्ही नेहमी मेंढपाळाचं तेवढं स्तोत्र वाचतो, मयताला, बारशाला, सगळ्याला तेच. मी मागची-पुढची वाचायला लागले. नाना, निम्मी तक्रारच आहे तिथं. झोपलास का, तोंड का लपवलंस, किती दिवस अजून, असं. आणि वधस्तंभावर ख्रिस्तानं तेच केलं की. आपल्याला का टाकलं, असं देवालाच विचारलं. कालच्या सात उद्गारांतला चौथा. त्यावर बोलायला चर्चमध्ये कुणी तयार नसतं, नवख्या माणसाच्या गळ्यात घालतात."

"उत्तर मिळालं त्याला?"

"नाही. त्या घटकेला तरी नाही."

मला बारामती आठवली. कऱ्हेकाठी मोरोपंतांनी आयुष्याच्या अखेरीला 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराची आर्त हाक. मोरोपंतांची म्हणून मोराची, अशी कोटीही त्यात आहे. शाळेत आम्हाला ती पृथ्वी वृत्तासाठी शिकवली. गण पाडले, अलंकार ओळखले. एक म्हातारा माणूस देवाच्या दारात हट्टानं ओरडतोय, त्याचा वकील होऊन त्याच्याशीच वाद घालतोय, हे कुणी सांगितलं नाही. मी तसं म्हणालो. नाना म्हणाले, "ओरडायला समोर कुणीतरी आहे असं धरावं लागतं. पंतांना तेवढं होतं."

"तुम्ही सोळा महिने कुणावर चिडलाय मग?" सिस्टरनी विचारलं.

नानांनी उत्तर दिलं नाही. विचारणं जरा निर्दय होतं असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

*

अंधार पडला. सिस्टरनी बाहेरचा दिवा लावला तसे पंखांचे किडे आले. चहा झाला. नानांनी आपणहून विचारलं, "पुढं काय झालं तुमच्या रमाबाईंचं?"

"म्हाताऱ्या झाल्या. कानानं ऐकू येईना. तरी बायबलचं भाषांतर घेऊन बसल्या होत्या. एकटीनं सगळं बायबल, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. होतं ते मराठी बायबल त्यांना संस्कृताळलेलं वाटायचं. खेड्यातल्या बाईला वाचून कळलं पाहिजे हा हट्ट. छापखाना मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्या मुलीच. माझी पणजीपण काही दिवस तिथं होती म्हणतात, तिला ख उलटा लावल्याबद्दल बोलणी बसलेली. त्या कामात वर्षानुवर्षं गेली. आणि सगळं होत आलं तेव्हा, १९२१ च्या जुलैत, मनोरमा गेली. एकुलती एक. तीच संस्था पुढं चालवणार होती."

नाना पुढं वाकले.

"किती वर्षांची?"

"चाळीस."

"आणि आई?"

"त्रेसष्ट."

"माझ्याएवढी," नाना म्हणाले.

भिंतीवरची पाल दिव्याजवळ सरकली. कुणी काही बोललं नाही.

"मग त्यांना कळलं? का गेली ते?"

"मला माहीत नाही, नाना."

"काय केलं मग त्यांनी?"

"प्रुफं तपासली. नऊ महिने. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, तोवर काम संपवलं होतं. छापलेला ग्रंथ बघायला राहिल्या नाहीत."

मी मनात म्हटलं, आता सिस्टर म्हणणार : हीच ती आशा. दुसरा कुणीही वक्ता असता तर म्हणालाच असता. मीही या लेखात म्हणालो असतो. पण नाना आधी बोलले.

"ह्याला मी आशा म्हणत नाही. काम होतं म्हणून केलं. मीपण रोज पाणी धरतो, जनावराला वैरण घालतो. ते आशेनं नाही घालत."

"मग कशानं घालता?"

"सवयीनं."

"असेल," सिस्टर म्हणाल्या.

एवढंच. त्यांनी शेंगांच्या शिरा गोळा केल्या, परात उचलली. मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, दोन्ही-तिन्ही धर्मांची. जिंकता येण्याजोगा मुद्दा असा हातातून सोडून देणारा माणूस मी त्यांत पाहिलेला नाही. सिस्टरच्या श्रद्धेबद्दल मला काही खात्रीनं सांगता येत असेल तर ते त्या 'असेल'वरून.

परात आत ठेवून येता येता त्या म्हणाल्या, "फक्त एक. बायांनी शनिवारी ती सुगंधी द्रव्यं टाकून दिली असती, तर रविवारी त्या तिथं गेल्याच नसत्या. त्याही सवयीनंच निघाल्या होत्या. मड्याला लावायला."

नाना बोलले नाहीत, कारण तेवढ्यात फोन वाजला. पाटकरी. चारीला पाणी पोचलं होतं. नानांची पाळी रात्री एक ते चार. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला काय म्हणायचं यावर मी इथं वाद घालणार नाही. ते उठले, ओट्याला टेकवलेलं खोरं घेतलं, पायरी उतरले आणि थांबले.

"उद्या तुम्ही बारामतीला कशा जाणार? पहाटे असतं ना तुमचं काहीतरी?"

"साडेपाचला. पहिल्या एस.टी.नं पोचता येत नाही. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, येतो म्हणाला."

"तो येणार नाही. काल लग्नाला गेलाय लासुर्ण्याला." नाना खोऱ्याच्या दांड्याशी चाळा करत होते. "माझं चारला दारं धरून होतंय. तसाच येतो गाडी घेऊन. साडेचारला तयार राहा. अंगावर काहीतरी घ्या, कालव्याकडेनं गार लागतं. आणि हळू चालवीन, ट्रॉल्या नसल्या तरी."

"बरं."

"मी आत येणार नाही. बाहेर थांबेन."

"पहाटेची उपासना बाहेरच असते, नाना," सिस्टर म्हणाल्या. "दफनभूमीत. थडग्यांपाशी."

नानांनी बॅटरी लावली, उजेड एकदा पायाशी पाडून बघितला आणि चारीच्या दिशेनं चालू लागले.